घाईचा भाव

“आत कोन हाय?”

बंद दारापुढे येऊन उभा राहिला की त्याचा पहिला प्रश्न हा. हत्यारांची पिशवी खाली ठेवायची नाही, कुलपाला बोट लावायचं नाही, आधी हा प्रश्न. मग दुसरा, “ग्यास चालू हाय?” आणि तिसरा, जरा खालच्या आवाजात, “घाई हाय काय?” तिन्ही उत्तरं ऐकून तो भाव सांगायचा. भाव ठरल्यावरच पिशवी उघडायची.

तुम्ही करंजाड्यात राहत असाल तर तुमच्यावरही ही वेळ कधीतरी आली असेल. दूध घ्यायला बाहेर यावं आणि वाऱ्याने दार धाडकन लागावं. असं लॅचचं दार न फोडता उघडणारा आमच्या भागात हा एकच. पनवेलच्या बाजारातून दुसरा कोणी बोलवावा तर तो तासाभराने येणार, आणि येताना हातोडी घेऊन येणार. याला मक्तेदारी म्हणतात. मी ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला या माणसाबद्दल जरा जास्तच कुतूहल होतं.

तो उरणकडच्या एका आगरी गावातला. तरुणपणी न्हावा शेव्याकडे कंटेनरच्या यार्डात गंजलेली कुलपं उघडायचा, तिथेच त्याचा हात बसला. माझं दार त्याने उघडलं तो दिवस परीक्षेचा होता आणि मी जिन्यात बनियनवर उभा होतो. आत कोणी नाही, गॅस बंद, घाई आहे, असं मी सांगितलं. “सातशे,” तो म्हणाला. मी लगेच हो म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात शेजारचे काका तसेच अडकले. तेच दार, तसंच लॅच, आणि त्यांना भाव दोनशे. मी त्याला जिन्यातच गाठलं.

“सर, ते पेपर वाचीत बसलेले,” तो म्हणाला. “अडीचशे बोल्लो असतो तं म्हनले असते, राहू दे, सांजच्याला पोरगा येतोय. तुमी बसले असते काय सांजपर्यंत?”

मागणीची लवचिकता मी वीस वर्षं फळ्यावर रेषा काढून शिकवतो आहे. याला ती काकांच्या मांडीवरच्या पेपरात दिसली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हीच गोष्ट सांगितली आणि शेवटच्या बाकांवरच्यांनीही माना वर केल्या.

तेव्हापासून मी त्याच्या मागेच लागलो. दार उघडल्यावर भाव का बोलत नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, “दार उघडलं का मानूस बदलतो, सर. मंग त्याला वाटतं, ह्ये तं एका मिन्टाचं काम.” विमान गाठायचं असलेल्या एकाकडून त्याने बाराशे घेतले. मला ते जरा लागलंच, पण त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

मग एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं दार लागलं. आत दोन वर्षांचं पोर आणि गॅसवर दूध. मी मनात म्हटलं, आता खरा भाव कळेल. खोटं कशाला बोलू, मी ते बघायलाच वर गेलो होतो. पण त्या दिवशी त्याने भाव सांगितलाच नाही. धावत जिना चढला आणि दार उघडून मोकळा झाला. बाई रडत पर्समधल्या नोटा पुढे करत होत्या. त्याने पन्नासची एक नोट काढून घेतली. “पेट्रोल,” म्हणाला.

खाली आल्यावर मी त्याला धरलंच. माझं पुस्तक तर सांगतं, गरज जितकी मोठी तितका भाव चढा.

“त्या बाईनं मंगळसूत्र काढून दिलं असतं, सर. त्याला भाव म्हनत नाय.”

त्याच दिवशी तो मला स्कूटरवर बसवून जुन्या गावठाणात घेऊन गेला. तिथे एक म्हातारी एकटी राहायची. तिचं कुलूप दाबलं की लागणारं. चावी घरात विसरून ती कुलूप दाबायची आणि बाजारात निघून जायची, आठवड्यातून दोनदा तरी. जादा चाव्या करून दिल्या तर त्याही हरवायची. हा जाऊन कुलूप उघडायचा, तिच्या शिव्या खायचा आणि परत यायचा. पैशांचं नावही निघायचं नाही.

“तुमच्या टावरवाल्यांच्या घाईवर माजा हिकडचा फेरा निघतो,” तो म्हणाला. मी मान डोलावली. मला वाटलं, मला समजलं.

समजलं असतं तर पुढचा शहाणपणा केला नसता. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मीच. बैठकीत ओरड झाली, एकाला दोनशे, एकाला बाराशे, ही उघड लूट आहे. माझे सातशे मलाही आठवले. मी सुवाच्य अक्षरात बोर्ड लिहिला: ‘दार उघडणे, सर्वांना रुपये तीनशे.’ आजूबाजूच्या चार सोसायट्यांनी तो उचलला. दर मान्य नसेल तर वॉचमन गेटातून सोडणार नाही, असंही ठरलं.

त्याने बोर्ड दोनदा वाचला. “काकांना म्हाग पडंल,” एवढंच म्हणाला.

झालंही तसंच. काका पुढच्या वेळी संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून राहिले. घाईवाले तीनशे टाकून खुशीत गेले. मला बैठकीत शाबासकी मिळाली. तीन महिन्यांनी आमच्याच विंगमधलं एक दार लागलं, म्हणून मी त्याला फोन केला, तर मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. “यार्डात डूटीला लागलो, सर. भागत नव्हतं.”

मी घाईघाईने बोर्ड उतरवला आणि त्याला तसं कळवलं.

“बोर्ड उतरवला तुमी,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त झोंबलं. “पन लोकांना आकडा पाठ झाला ना. आता मी कोनाला सातशे बोलू?”

तो परत आला नाही. त्याची पोटापाण्याची विद्या मी एका पाटीने बुडवली आणि वर न्याय केला म्हणून मिरवलो, याची मला अजून लाज वाटते.

परवा मी गावठाणात गेलो. म्हातारी उंबऱ्यात बसली होती. कुलूप खिळ्याला टांगलेलं.

“बाजारात जात नाही का, आजी?”

“लावलं तं उघडील कोन? त्यो तं गेला बंदरावर,” ती म्हणाली. “दोन म्हयने झाले, घराच्या भायेर पाय नाय टाकला. शेजारीन आनते काय ते वाईट-साईट.”

मी म्हणालो, “तुम्ही जाऊन या. मी बसतो इथे.”

तिने मला खालून वर न्याहाळलं, पिशवी घेतली आणि निघाली. दार सताड उघडं ठेवून मी तासभर तिच्या उंबऱ्यात बसलो. ती बांगडे घेऊन परतली तेव्हा तोंडावर हसू मावत नव्हतं.

“पुना कवा येशील?”

“रविवारी येतो.”

“रविवारी नको. तवा सगलेच मासली घेतात, कोलीन भाव सोडत नाय. मंगलवारी ये.”

मंगळवारी कॉलेजात माझे सकाळपासून चार तास असतात. मी बरं म्हणालो.