भिंतीपलीकडची धुम

रघूकाका भजन ऐकताना डावा तळहात भिंतीला लावून बसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा ओल शोधतोय. विचारलं तर म्हणाले, "पांड्याकडं पोचतंय का बघतो गो."

पांडू हा त्यांचा धाकटा भाऊ. शेणवे गावात आमच्या समोरच त्यांचं घर. बापाच्या माघारी घराची दोन घरं झाली, मधे विटांची भिंत आली, आणि तिच्या दोन बाजूंना दोन भाऊ एकमेकांशी न बोलता म्हातारे झाले. भांडण जमिनीचं नव्हतं, बापाच्या पखवाजाचं होतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे त्यातून ती खोल धुम निघते. भजन संपलं की कणीक खरवडून काढायची, हा शिकणाऱ्याचा पहिला धडा. बापाच्या बाराव्याच्या भजनाला पांडूकाकांनी पखवाज वाजवला आणि कणकेसकट खुंटीला टांगला. सकाळी पाहतात तो उंदरांनी कातडं कुरतडून टाकलेलं. नवं कातडं चढवलं, पण बापाच्या हाताखाली मुरलेलं होतं ते गेलं ते गेलंच.

"बा एकदा मेला. ह्यानं त्याला दुसऱ्यांदा मारला," रघूकाका म्हणत. गावातल्या जाणत्यांनी समजूत घालून पाहिली. त्यांना एकच उत्तर मिळे. "माफी देवळात मागा. माझ्या घरात नाय ठेवलेली."

मला हा माणूस आवडायचा. सोडून द्या, विसरून जा म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. त्यांचं स्वतःचं काही गेलेलं नसतं.

काका भातसानगरला धरणावर नोकरीला होते. निवृत्त होताना वसाहतीच्या भंगारातून त्यांनी काचेच्या व्हॉल्व्हचा एक जुना अँप्लिफायर स्पीकरसकट उचलून आणला आणि दुरुस्त केला. बापाच्या भजनाची एक कॅसेट त्यांच्यापाशी होती. बापाची धुम भिंतीतून पांडूच्या घरात घुसवायची, एवढाच बेत. "टाळ भिंतीत अडकतात. धुम आरपार जाते. जेवताना त्याच्या ताटात पडली पायजे."

पण धुमच येईना. टाळ खणखणत, बापाचा गळा स्वच्छ ऐकू येई, आणि पखवाज मात्र पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. मी मुरबाडला नोकरीला. येताना तिथल्या रेडिओवाल्याकडून कधी व्हॉल्व्ह, कधी जाड ट्रान्सफॉर्मर घेऊन यायची. काकांनी स्पीकर जमिनीवर ठेवून पाहिला, मग कोपऱ्यात सरकवला. कोपऱ्यात आवाज जरा भरला. "जरा नको मला," काका म्हणाले, "बा जरा-जरा नाय वाजवायचा."

आणि मग एका संध्याकाळी पखवाज्याच्या पोराला सुचावं तेच त्यांना सुचलं. त्यांनी कणीक मळली आणि स्पीकरच्या कागदी पडद्यावर, मधोमध, पातळ थापली. मला हसू आलं. पण कॅसेट लागली आणि मांडणीवरच्या थाळ्या थरथरल्या. धुम पोटात शिरली. भिंतीपलीकडचा टीव्ही बंद झाला. काकांचा तळहात भिंतीवरच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आला," एवढंच ते बोलले.

सकाळी त्यांनी मला हाक मारली. स्पीकरच्या कागदाला उंदरांनी भगदाड पाडलं होतं. कणीक काढायची राहून गेली होती.

काकांनी त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "रडत व्हतो, इसरलो," ते म्हणाले. मग हळूच, "पांड्या पण त्या दिशी रडत व्हता."

मला वाटलं, विरघळले. मीही त्या समजूत घालणाऱ्यांसारखंच म्हटलं, "मग आता तरी सोडून द्या, काका. चूक कशी झाली ते कळलं ना?"

"कळलं. कळलं म्हंजे सोडलं असं नाय."

स्पीकरला नवा कागद बसवून घेतला. पुढच्या एकादशीला त्यावर कणीक थापून काका इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाच्या दारात गेले. "चल. बा वाजवतोय."

पांडूकाका आले आणि अंग चोरून बसले. धुम सुरू झाली तशी त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली, मग थांबली, आणि त्यांनी पंच्यात तोंड लपवलं. कॅसेट संपल्यावर उठायला लागले तर रघूकाकांनी चमचा पुढे केला.

"खरवड."

"दादा, मी तवा..."

"आधी खरवड. मंग बोल."

पांडूकाकांनी खरवडलं. रघूकाकांनी पडद्यावरून अंगठा फिरवला. "कडंला ऱ्हायलीय." पुन्हा खरवडलं. तेव्हापासून दर एकादशीला हेच. चहा कधी विचारला नाही, आणि पांडूकाकांनी एकही एकादशी चुकवली नाही.

या थंडीत रघूकाका गेले. आदल्या आठवड्यात मला बोलावून म्हणाले, "सगळं सामान तू ने. पण त्याच्या हातनंच खरवडून घे. सोडू नको."

एकादशीला पांडूकाका माझ्या दारात उभे होते, घरूनच वाटीत कणीक मळून आणलेली. कॅसेट संपली. त्यांनी चमच्याने, मग नखाने, मग ओल्या फडक्याने पडदा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बोट फिरवलं. कणभरही उरलं नव्हतं.

"कडेला राहिलीय," मी म्हटलं.

ते खाली वाकले आणि पुन्हा खरवडू लागले.