दर्यावरच्या माणसाला खबर

आमच्या घरात भांडण व्हायचं ते विमानवाहू नौकांवरून. अब्बा उभा जन्म मालवाहू जहाजांवर काढून श्रीवर्धनजवळच्या गावात परतलेले. भाऊ नौदलात, विमानवाहू नौकेवर विमानांची देखभाल करणारा. देशाकडे अशा नौका दोनच. तिसरी बांधावी की नाही, यावर टीव्हीवर चर्चा लागली की अब्बांचा चहा निवायचा.

"पांढरा हत्ती हाय हा. तेवढ्या पैशात पाणबुड्या किती येतील!"

"अब्बा, एक गोदीत गेली की सगळा भार दुसरीवर," सुट्टीवर आलेला भाऊ म्हणायचा. "तिसरी न्हाय तर आम्हाला घरी यायला सुट्टी न्हाय."

दोघंही हट्टी. मी वैतागून टीव्ही बंद करायची.

गेल्या वर्षी भावाचं म्हणणं खरं झालं. एक नौका गोदीत गेली, दुरुस्ती लांबली आणि दुसरीवरच्या भावाची सुट्टी पुढे ढकलली. नेमकी तेव्हाच अब्बांच्या पोटात गाठ निघाली. अलिबागच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मुलाला बोलावून घ्या.

घरी येऊन मी भावाला कळवायला निघाले, तर अब्बांनी माझा हात धरला. "दर्यावरच्या माणसाला घरची वाईट खबर द्यायची न्हाय. त्याचं ध्यान उडतं, हात चुकतो." हा रिवाज आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. वर म्हणाले, "एवढ्या मोलाचं जहाज. एका म्हाताऱ्यापायी पोराला तिथून हलवायचं?"

कालपर्यंतच्या पांढऱ्या हत्तीची एवढी काळजी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अम्मीही त्यांच्याच बाजूची. भावाचा फोन आला की अब्बा उशीला टेकून बसायचे आणि आवाज चढवून सांगायचे, "मी ठणठणीत हाय." फोन ठेवल्यावर त्यांना धाप लागायची.

अब्बा गेले. दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. तेव्हाही भावाला कळवलं नाही. त्याचे पाय जमिनीला लागल्यावरच सांगायचं, असं अम्मीनं बजावलं होतं.

तो आला तेव्हा अम्मीनंच त्याला सांगितलं. आधी तो रडला, मग माझ्यावर ओरडला.

"नुसतं आजारी हाईत एवढं तरी कळवायचं! माझ्या शेजारी झोपणाऱ्याचा बाप आजारी पडला, तर त्याला हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर सोडलं. जहाजावर शेकडो माणसं असतात. माझ्यावाचून काय अडत नव्हतं."

 अम्मीनं हळूच विचारलं, "म्हणजे बोलावलं असतं, तर आला असतास?"

"व्हय, अम्मी," तो म्हणाला.