मी रचलेली झडती

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, त्याची आधी माफी मागतो. पण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आणि तुम्हाला तरी कसं सांगावं?

कॉलेजच्या स्पर्धेत आमचा गट जिंकला, म्हणून आम्हाला दुबईला नेलं. तिथे समुद्रात भर घालून केलेलं एक बेट आहे. संगमरवरी हॉटेलं, झाडागणिक पाण्याची नळी, पिठासारखी वाळू. माझे मामा तिथेच नोकरीला. आमच्या बेला गावात सगळ्यांना माहीत होतं — मामा हॉटेलात मॅनेजर. मामींच्या भिंतीवर त्यांचा कोटातला फोटो आहे.

मामा किनाऱ्यावर भेटले. हातात लांब दाताळं. पाहुण्यांच्या पायांचे ठसे मोडून वाळू सारखी करायची, हे त्यांचं काम. मला पाहून आधी दचकले, मग हसले. चपला काढून चालायला लावलं — आणि माझ्यामागून माझेच ठसे पुसत आले. निघताना म्हणाले, "गावात नोको सांगू, बापू. तुह्या मामीलेबी नाही."

मी हो म्हटलं.

पोळ्याला आमच्याकडे बैलांच्या रांगेपुढे झडत्या म्हणतात — कुणाची तरी टर उडवणाऱ्या ओळी. गावची पोरं मला 'सायब' म्हणून बाजूलाच ठेवायची. मला त्यांच्यात हसायचं होतं. एवढंच होतं का? माहीत नाही. मी एक झडती रचली, आणि इचोड्याच्या बाजारात ऐकली म्हणून मित्राच्या कानात घातली. त्याने ती तोरणाखाली उभं राहून म्हटली —

"गावात म्हणे मॅनेजर, फोटो काढते कोटात,
बैल नाही तं सोताच जुपला, वाळू वखरते बेटात!"

सगळा पोळा हसला. मीही. मामी शेजारीच होत्या, हातात बैलांच्या पूजेचं ताट.

"काऊन हासून राह्यले रे सारे?"

"असंच, मामी," मी म्हणालो.

दिवे लागेपर्यंत त्यांना कुणीतरी अर्थ सांगितला. फोटो मात्र त्यांनी काढला नाही. दर दिवाळीला येणारे मामा त्यानंतर गावी आलेच नाहीत. बाजारात कोण बोललं असेल, याची चर्चा खूप झाली — मी ती खाली मान घालून ऐकली.

परवा मामींचा फोन आला. मामेबहिणीचं लग्न ठरलंय. मामा लग्नालाही येणार नाहीत.

"ते म्हनते, माह्या जागी बापूले उभं करा. साऱ्या गावात त्यानंच माही लाज राखली."