शंभर पानांची कॅप्सूल

फोन आला तेव्हा मी बसमध्ये होतो. नवलूर मागे पडलं होतं आणि मांडीवर अक्काच्या चष्म्याची डबी होती. सकाळीच तिनं मला हुबळीच्या दवाखान्यातून धारवाडला पिटाळलं होतं. “वसंता, चष्मा आण. बाटल्यांवर काय लिहिलंय ते मला स्वतः वाचायचंय.” फोनवर नर्स कन्नडमधून म्हणाली, “लवकर या.” मी म्हटलं, “वाटेतच आहे, चष्मा घेऊन येतोय.” ती पुन्हा तेच म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं होतं. तरीही उरलेल्या वाटेत मी ती डबी घट्ट धरून बसलो होतो, जणू वेळेत पोचवली तर काही फरक पडणार होता...

विमलअक्का माझी थोरली बहीण. धारवाडच्या मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही. माझी बायको गेल्यावर, कोर्टातली नोकरी संपवून मी मळमड्डीत तिच्याकडे राहायला आलो. तिच्या गच्चीवर अडुळसा, गुळवेल, ओवा, भुईआवळा असं काय काय होतं. मुलींकडून ती प्रत्येक झाडाची तीन नावं पाठ करून घ्यायची : मराठी, कन्नड आणि शास्त्रीय. गुळवेल म्हणजे अमृतबळ्ळी, हे मला साठीनंतर तिच्यामुळे कळलं. शेजारपाजारचे लोक खोकला झाला, पोट बिघडलं की फाटकाशी येऊन “अक्का” अशी हाक मारायचे. ती चार पानं द्यायची आणि बजावायची, “तीन दिवस. बरं नाही वाटलं तर डॉक्टरकडे जायचं, माझ्याकडे परत यायचं नाही.” तिच्या औषधाचं माप मुठीत मावेल एवढंच असे.

मग तिची बोटं सुजायला लागली. संधिवात. खलबत्ता उचलवेना, वेणीही घालता येईना. सकाळी ती फणी हातात धरून नुसती बसून राहायची. मला ते बघवत नव्हतं. गोकुळ रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात वनस्पतींचे अर्क काढून कॅप्सूल भरतात, तिथं माझ्या ओळखीचा एक जण होता. त्याच्याकडून मी एक बाटली आणली आणि त्यानं सांगितलेलं वाक्य मोठ्या ऐटीत अक्काला ऐकवलं : “एका कॅप्सूलमध्ये शंभर पानांचं सत्त्व आहे.”

अक्का हसली. “पण शंभर पानं कोण खातं रे?”

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, “तुझीच झाडं आहेत गं. फक्त कुटण्याचं काम दुसऱ्यानं केलंय.” माझं मन मोडायचं नाही म्हणून तिनं बाटली उघडली, असं मला आता वाटतं. महिन्याभरात बोटं खरंच हलकी झाली. एक दिवस मी बाजारातून आलो तर ती दारात पाठमोरी उभी. “बघ,” म्हणाली. स्वतः घातलेली वेणी होती. त्या दिवशी मला केवढा आनंद झाला! दुसऱ्याच आठवड्यात मी आणखी दोन प्रकारच्या बाटल्या घेऊन आलो. एक झोपेसाठी, एक ताकदीसाठी.

पुढे तिची भूक गेली. अंग खाजायला लागलं. पित्त असेल, असं आम्ही दोघंही म्हणत राहिलो. एका सकाळी गच्चीवर ती उन्हाकडे तोंड करून वळली, आणि तिचे डोळे पिवळे दिसले. मी ओरडलोच. “हळद जास्त झाली असेल पोटात,” ती म्हणाली. चार दिवस तिनं भुईआवळा वाटून घेतला. वाटून मीच दिला.

हुबळीत देशपांडे नगरच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “आणखी कुठली औषधं चालू आहेत?” अक्का म्हणाली, “औषध काही नाही.” तिला झाडपाला म्हणजे औषध वाटतच नव्हतं. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. मीही मान हलवली... खोटं बोललो नाही हो, सुचलंच नाही. तीन दिवसांनी तपासण्यांचे आकडे आणखी वाढले, डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे मी घरी जाऊन पिशवीभर बाटल्या आणल्या. त्यांनी एकेक फिरवून पाहिली. “यातल्या कशानं झालं, सांगता येणार नाही. यांनीच झालं, असंही मी ठामपणे म्हणणार नाही. पण आत्तापासून सगळं बंद.” यकृत थकलं होतं. बेंगळूरला नेऊ का, म्हणून मी विचारलं. तिचं वय आणि हृदय पाहता तिला तो प्रवासही झेपणार नाही, असं ते म्हणाले. मग करायचं काय, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अक्कानं कुणाला दोष दिला नाही. मला तर नाहीच. ती एकच विचारत राहिली, “कुठल्या झाडानं, ते तरी कळू दे. लेबलावर शास्त्रीय नाव असेल.” लेबल मी आधीच वाचलं होतं. त्यावर ‘वनौषधींचे खास मिश्रण’ एवढंच होतं. हे तिला सांगायचा धीर मला झाला नाही, म्हणून चष्मा आणायला मुकाट्यानं निघालो.

तेराव्यानंतर मी कारखान्यात गेलो. माझ्या ओळखीचा माणूस नोकरी सोडून गेला होता. तिथल्या व्यवस्थापकानं मला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. “इतके लोक घेतात, कुणाला काही झालेलं नाही,” तो नम्रपणे म्हणाला. भांडायला मला काही धरताच येईना. चहा पिऊन मी परत आलो.

परवा दुपारी फाटकाशी एक बाई उभी होती, पन्नाशीची, अळणावरकडची. “टीचर इद्दारेनु?” टीचर आहेत का? ती अक्काची जुनी विद्यार्थिनी. ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं एक वेल आणला होता. शेताच्या बांधावर उगवलाय, गावात कुणालाच नाव सांगता येत नाही, टीचर सांगतील म्हणून दोन बस बदलून आली होती. मी तिला सांगितलं. ती पायरीवरच बसली. पाणी दिलं ते नुसतं हातात धरून राहिली. जाताना तिनं वेलाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “हे परत नेऊ का?”

“राहू दे,” मी म्हटलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत, पाण्यानं भरलेल्या पेल्यात तो ठेवलाय. पानं गुळवेलीसारखी हृदयाच्या आकाराची आहेत, पण देठाला तांबूस झाक आहे. रोज सकाळी मी पाणी बदलतो आणि तिथंच उभा राहून बघतो. त्याची तीन नावं असतील. मला एकही येत नाही.