उतरलेली विनंती

चष्मेताईंना चर्चच्या मंडळीत कुणीच खऱ्या नावानं हाक मारत नसे. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरमागचं उंच स्टूल त्यांचं. पुढ्यात बारीक स्क्रूंची वाटी आणि फ्रेमच्या काड्या तापवायचं गरम हवेचं यंत्र. नंबर डॉक्टरांनी काढायचा, फ्रेम गिऱ्हाइकानं निवडायची, पण चष्मा नाकावर टिकवायचा तो ताईंनी. काडी तापवायची, कानामागची जागा अंगठ्यानं चाचपायची, काडी किंचित वाकवायची, पुन्हा घालून बघायची. "मान हलवा. खाली बघा. आता शिंका बरं." शिंका म्हटलं की माणसं हसत, आणि हसणाऱ्या तोंडावर चष्मा कसा बसतो ते ताईंना हवंच असे. दिवसभर किती परक्या कानांना त्यांचे हात लागत. घरी मात्र स्वतःच्या लेकीच्या केसांवरून हात फिरवल्याला किती काळ लोटला, ते त्या आठवू बघत नसत.

लेक, चिऊ, मागच्या हिवाळ्यापासून खोलीबाहेर पडत नव्हती. कॉलेज अर्ध्यावर सुटलं. आधी मैत्रिणी सुटल्या, मग रविवारची उपासना, मग जेवणाचं टेबल. डॉक्टर झाले, गोळ्या चालू होत्या. ताट दाराशी ठेवायचं आणि अर्धमुर्धं खाल्लेलं उचलून आणायचं. न्हाणीघराचा नळ वाजला की ताईंचा जीव भांड्यात पडे, पोरगी उठली म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे "तुम्ही जरा बोलून बघा तिच्याशी" असं म्हणायलाही घरात दुसरं माणूस नव्हतं.

दर बुधवारी संध्याकाळी पाळकांच्या घरी प्रार्थनेला दहाबारा जण जमत. ज्याची जी अडचण असेल ती तो सांगे, आणि मग सगळे मिळून ती विनंती 'उचलत'. तिथला शब्दच तो. उचललेली विनंती दर बुधवारी प्रार्थनेत येई, पुन्हा आठवण करून द्यावी लागत नसे. उत्तर मिळालं की ज्यानं ते पाहिलं त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, सगळ्यांनी उपकारस्तुती करायची, आणि विनंती 'उतरायची'. उतरलेली विनंती पुन्हा उचलायची नाही. देवानं दिलेलं पुन्हा मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं आधीच्या पाळकांनी घालून दिलं होतं, आणि आताच्या पाळकांनीही ते मोडलं नव्हतं.

चिऊनं खोलीबाहेर पडावं ही ताईंची विनंती मागच्या हिवाळ्यापासून उचललेलीच होती. दुसऱ्यांच्या मात्र भराभर उतरत. कुणाची बदली रद्द झाली, कुणाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, कुणाच्या सुनेला उशिरा का होईना दिवस गेले. ताईंनी त्या प्रत्येकासाठी मनापासून मागितलं होतं. एकदा एका बाईंचं हरवलेलं मांजर परत आलं आणि त्याचीही उपकारस्तुती झाली. त्या संध्याकाळी ताई घरी जाताना वाटभर एकच म्हणत होत्या, मांजर, प्रभू? मांजर? आणि दाराशी पोचल्यावर आपल्याच मनाची त्यांना लाज वाटली, कारण मांजर गुणी होतं.

थंडी नुकतीच सुरू झालेली. एका बुधवारी दुकानात शेवटचं गिऱ्हाईक रेंगाळलं आणि ताईंना पाळकांकडे पोचायला उशीर झाला. बाहेरच्या पडवीत घाईघाईनं कोट खुंटीला अडकवून त्या आत शिरल्या, तर सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळलेल्या, आणि सगळे हसतायत.

"या ताई, तुमच्याचसाठी थांबलोय," पाळक म्हणाले.

मोठ्या मावशी उभ्या होत्या. मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर बाई, एकट्या राहणाऱ्या, जिभेला हाड नसलेल्या. "अगं, पाहिलं मी तिला," त्या म्हणाल्या. "काल सकाळी. बस स्टॉपवर उभी होती तुझी चिऊ. तो तिचा लाल कोट, टोपी कपाळापर्यंत ओढलेली. मी रस्त्यापलीकडून हात केला, पण महाराणीचं लक्ष कुठं असायला."

"मावशी, नक्की तीच?"

"नक्की म्हणजे? तूच बसवून दिलेल्या चष्म्यातून पाहिलंय. आता स्वतःच्या हातच्या कामाला खोटं पाडतेस का?"

सगळे हसले. ताईही हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. आपण कामावर गेल्यावर पोरगी हळूच बाहेर पडत असेल, आईला सांगायचा धीर होत नसेल. एका क्षणात त्यांना ते सगळं दिसलंसुद्धा. उपकारस्तुती झाली. विनंती उतरली.

घरी ताई जवळजवळ पळतच गेल्या. चिऊच्या दारावर टकटक केली. "चिऊ, काल बाहेर गेली होतीस का गं?"

आतून, "नाही."

"बस स्टॉपपर्यंत? सहज?"

"आई, नाही म्हटलं ना."

ताई मागे सरल्या, कोट काढायला लागल्या आणि तिथंच थांबल्या. त्यांच्या स्वतःच्या कोटाची चेन सोमवारी तुटली होती. चिऊचा कोट नुसताच लटकलेला असतो म्हणून दोन दिवस त्या तोच घालून जात होत्या. बस स्टॉपवर, टोपी ओढून, त्याच उभ्या होत्या.

पुढच्या बुधवारी सांगून टाकायचं असं ठरवून त्या गेल्या. पण मधल्या रविवारी मोठ्या मावशींनी भर उपासनेत साक्ष दिली होती. डोळ्यांना कमी दिसायला लागल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नसे, आणि आता चारचौघं त्यांच्याभोवती गोळा होत होते. त्यांच्या तोंडावरचा तो आनंद पाहून ताईंनी सांगायचं टाळलं. विनंत्या एकामागून एक उचलल्या गेल्या. चिऊची आली नाही. येणारच नव्हती. आता पोरीसाठी मागणाऱ्या उरल्या होत्या एकट्या ताई.

आणि त्यांनाही धड मागता येईना. पलंगाशी गुडघे टेकले की शब्द दुकानातल्यासारखे यायचे, मान हलवा, खाली बघा. ताईंना वाटे, इथं उतरली तशी वरही उतरली असेल. देवानंही बघितलं असेल, अरे, हिचं तर झालं, आणि दुसऱ्याकडे वळला असेल. असं काही नसतं हे त्यांना कळत होतं. पण खोलीत दुसरं कुणी नसलं की असले विचार हक्कानं येऊन बसतात. पूर्वी उत्तर मिळत नसे, पण ऐकणारा आहे एवढं तरी वाटे. आता तेही वाटेना.

काही आठवडे असेच गेले. मग एकदा दुकानात एक ओळखीच्या बाई चष्मा सैल करून घ्यायला आल्या. ताईंची बोटं त्यांच्या कानामागे असतानाच त्या म्हणाल्या, "मुलगी बरी झाली म्हणे तुमची."

"हो," ताई म्हणाल्या.

बाई गेल्या. ताईंनी पुढच्या चष्म्याची काडी तापवायला घेतली आणि ती इतकी तापली की वाकडी होऊन गेली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. हो म्हणून आपण काय केलं, ते त्यांना तेव्हा कळलं. आत बसलेल्या जित्या पोरीवर बाहेरून दार लावून टाकलं. आता तिच्याबद्दल कुणी विचारणारसुद्धा नाही.

त्या बुधवारी विनंत्यांची वेळ येण्याआधीच त्या उठल्या. "माझी विनंती उतरलेली नाही," त्या म्हणाल्या. "चिऊ अजून आतच आहे. ती कधी बाहेर पडलीच नव्हती."

मावशींनी विचारलं, "मग मी कुणाला पाहिलं गं?"

"मला, मावशी. कोट तिचा होता."

मावशींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "म्हणजे इतके दिवस त्या पोरीसाठी मागायचं मी बंद केलं होतं?" त्या हळू म्हणाल्या. "सांगायचंस की मला. शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं."

"तुम्ही खूश होता."

"माझ्या खुशीला काय जाळायचंय?"

पाळकांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, पण गोंधळला होता. "ताई, आपण उपकार मानून चुकलोय. उतरलेली विनंती परत उचलायची म्हणजे... मंडळीच्या पंचांना विचारावं लागेल." कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "विश्वासानं धरून राहा, खरं होईल ते." ताईंनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं नाही. "विचारा पंचांना," त्या म्हणाल्या. "मी मागतच राहणार आहे. मिळालं नाही, एवढंच सांगायला उठले." आणि खाली बसल्या. पाळक पुढच्या विनंतीकडे वळले. ती कुणाच्या तरी घरमालकाबद्दलची होती.

घरी येऊन ताईंनी ताट वाढलं, दाराशी ठेवलं, आणि रोजच्यासारखं निघून न जाता भिंतीला टेकून तिथंच जमिनीवर बसल्या.

"चिऊ, मी आज सगळ्यांसमोर सांगितलं. तू बरी नाहीस म्हणून."

आत पलंग कुरकुरला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"का?"

"कारण नाहीस."

चिऊ बोलली, दाराच्या अगदी जवळून. "सगळ्यांचे मेसेज येतात. बरी झालीस, देवाची कृपा. मला वाटलं तूच सांगत फिरतेस. मला वाटलं, तू कंटाळलीस."

"जेवण गार होतंय," एवढंच ताई म्हणाल्या.

दार उघडलं नाही. पण पावलं परत गेली नाहीत, एवढं ताईंना ऐकू येत होतं. त्यांनी तिथंच डोळे मिटले आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं, मोठ्यानं प्रार्थना केली, आतल्या पोरीला ऐकू जाईल अशी. नवीन काहीच नव्हतं. तेच मागणं, त्याच शब्दांत, थोडं घोगऱ्या आवाजात. संपल्यावर बुधवारच्या सवयीनं त्या थांबल्या, दुसरं कुणी आमेन म्हणेल म्हणून. मग त्यांनी स्वतःच आमेन म्हटलं आणि पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी तशाच बसून राहिल्या.