आठ वाजायला उशीर

"आमच्या घरात सध्या दोघांना आवाज नाही. एक सुधीरचं घड्याळ, दुसरी त्याची बायको!"

हे सासूबाई गच्चीवर शेजारच्या काकूंना सांगत होत्या. मी जिन्यात वाळवणाची परात धरून उभी. परात मोठी असल्यानं मी दिसले नाही. पापड तसेच घेऊन खाली आले आणि खिडकीत वाळत घातले.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. दुष्काळामुळं उस्मानपुऱ्यातल्या त्या घरात पाणी काही साठत नव्हतं, पण असले किस्से पिंपं भरभरून साठले. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक फार बोलतात, त्याला मी काय करणार!

*

घड्याळ विकतचं नव्हतं. आमच्या ह्यांनी, म्हणजे सुधीरनं, दोन मित्रांना घेऊन दर रविवारी बैठकीत बसून ते जोडलं. एक दिनकर भावजी, ह्यांच्याच कारखान्यातले, सिल्लोडकडचे. दुसरे कादरभाई, ज्यांचं छावणीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तेव्हा शहराबाहेर सारखा कुठला ना कुठला कारखाना उभा राहत होता आणि प्रत्येकाला वाटायचं, आपणही काहीतरी इलेक्ट्रॉनिक करावं.

मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली. स्थळाच्या कागदावर तसं लिहिलंही होतं. पण तो कागद इकडं मुख्यतः गोत्रासाठी वाचला गेला. हे एकदा म्हणाले, "डिप्लोमा म्हणजे थिअरी गं. सोल्डरिंग वेगळं!"

मी पोहे आणायला गेले.

*

सुटे भाग ठेवायला ह्यांनी सासूबाईंचा जुना मिसळणाचा डबा घेतला. एका वाटीत रेझिस्टर, एका वाटीत कपॅसिटर, हिंगाच्या जागी आयसी. एका रविवारी जुना डबा नव्याच्या शेजारी राहिला आणि सासूबाईंनी चष्मा न लावता फोडणी टाकली.

"मोहरी तडतडेना," त्या म्हणाल्या. मग वाकून बघितलं. "आणि हिला पाय कशाचे?"

दिनकर भावजी कढईत डोकावले. "काकू, आमच्या मिनिटाच्या काट्याला फोडणी दिली तुम्ही!"

घड्याळाला काटे नव्हते, पण ती वेळ हे सांगायची नव्हती.

*

पहिल्यांदा घड्याळ सुरू झालं तेव्हा सगळे आजूबाजूला बसले. लाल आकडे छान पेटले. सात अठ्ठावन्न. सात एकोणसाठ. सात साठ!

मामंजी, म्हणजे माझे सासरे, तहसिलातून निवृत्त झालेले. त्यांचा दुसरा चहा बरोबर आठला. ते कप धरून शांतपणे बघत राहिले. सात एकसष्ट. सात सत्तर.

"आज आठ वाजायला उशीर आहे," ते म्हणाले.

सात नव्व्याण्णवनंतर एकदाचे आठ वाजले, तेव्हा त्यांनी चहा मागितला. पुढचे सहा दिवस हे रोज सकाळी सातला घड्याळ नव्यानं लावायचे आणि मामंजी चहासाठी तेवढे थांबायचे. कागदपत्रात जे आहे ते मानायचं, ही त्यांची जुनी सवय.

साठला शून्यावर आणणारी रीसेटची वायर जोडायची राहिली होती. शनिवारी दुपारी बैठक झाडताना मी ती जोडली. सोल्डरचे दोन टाके. वास जायला उदबत्ती लावली.

रविवारी कादरभाईंनी घड्याळ बघून मांडीवर थाप मारली. "देखे क्या? आयसी को आराम होना था, बस्स! मशीन गरम होके सेट हो गई!"

"हौ ना, लई दमलं होतं बिचारं," दिनकर भावजी म्हणाले.

*

खंडेनवमीला सासूबाईंनी विळी, अडकित्ता आणि घड्याळ यांची पूजा केली. झेंडूचं फूल नेमकं रेग्युलेटरच्या पत्र्यावर ठेवलं. तो पत्रा तव्यासारखा तापतो. दुपारपर्यंत फुलाचा कुरकुरीत पापड झाला.

"स्वीकारलं देवानं," सासूबाई म्हणाल्या आणि हात जोडले.

*

मग उन्हाळा आला. नळाला चौथ्या दिवशी पाणी, सकाळी सहाला, जेमतेम वीस मिनिटं. सगळी गल्ली आमच्या घड्याळावर उठायची. आणि आम्ही नळ सोडला की पाच मिनिटांत पाणी बंद!

घड्याळ घरातल्या विजेचे ठोके मोजायचं. पन्नास ठोके झाले की एक सेकंद. उन्हाळ्यात शेतांतले पंप आणि कारखाने एकदम वीज ओढायला लागले की ठोके मंदावायचे. संध्याकाळी लावलेली वेळ पहाटेपर्यंत पंधरा मिनिटं मागं पडायची. हे रोज संध्याकाळी रेडिओच्या बातम्यांना वेळ लावायचे आणि म्हणायचे, "रेडिओ जरा पुढंच असतो."

नळ सोडायला येणारा माणूस मनगट पुढं करून म्हणाला, "साहेब, सहालाच सोडतो की!"

मामंजी म्हणाले, "तुमचं चावीचं आहे. आमचं इलेक्ट्रॉनिक आहे."

*

त्याच आठवड्यात वाळूजच्या बाजूच्या एका टीव्ही जोडणीच्या कारखान्यातून मला मुलाखतीचं पत्र आलं. सोमवार, सकाळी साडेनऊ. मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा सासूबाईंनी वाचलं.

"जा की. पण सोमवारी पाणी आहे. भरून झालं की जा. नाही मिळालं, तर टँकरच्या रांगेत कोण उभं राहणार?"

आदल्या दिवशी, रविवारी, बैठकीत नगरपालिकेला अर्ज लिहिणं चाललं होतं. मामंजी मोठ्यानं वाचत होते, "नळ पंधरा मिनिटे अगोदर सोडण्यात येतो, तरी..."

"अर्ज बरोबर आहे, काका," कादरभाई म्हणाले. "घडी में कुछ खराबी नै."

"असलीच तर आपोआप जाईल," हे म्हणाले. "मागं सात-साठचं गेलं तसं."

मी चहाचा ट्रे ठेवला.

"घड्याळ नीट मोजतंय. वीज हळू येतेय."

दिनकर भावजींची बशी तोंडाशी थांबली. सासूबाई झारा घेऊन दारात आल्या.

मामंजींनी चष्मा काढला. "हे तुला कुणी सांगितलं?"

मी वडिलांनी दिलेलं मनगटी घड्याळ काढून त्या अर्जावर ठेवलं.

"कुणी नाही. सात-साठची वायरसुद्धा मीच जोडली होती. उद्या यावर उठा आणि पाणी तुम्ही भरा. भरून झालं की घड्याळ परत द्या. मला आठची बस आहे."