सायलीच्या चढावरची बाई

वीस वर्षं कचेरीच्या खुर्चीत काढल्यावर मी ट्रायथलॉनची तयारी सुरू केली. पोहायचं, सायकल चालवायची आणि मग धावायचं. सायली गावाजवळच्या चढावर रोज सकाळी एक बाई मला मागे टाकायची. जुनी सायकल, हँडलला डबा, कमरेला खोचलेला पदर आणि धाप म्हणून नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी अर्ध्यातच उतरलो. तिने शेजारी पाय टेकवला.

"काय झालं, भाऊ?"

"दमलो. तुम्ही कशा दमत नाही?"

"दमते ना. पण उशीर झाला की कंपनीचं गेट बंद होतं." माझ्या गिअरच्या सायकलवरून तिची नजर हलेना. "तुमचं बरंय. दमलात की उतरता येतं."

ती निघून गेली. तिलाही माझा हेवा वाटत असेल, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.